बाटली संपली की जाते

सौदामिनीनं फ्रिज उघडला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. डाएट सोड्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. काल दुपारी तिनं त्यातला पेलाभर सोडा प्यायला होता. परवाही प्यायला होता. ज्या लातुरात त्या उन्हाळ्यात विहिरी संपल्या, बोअर संपले, टँकरवाल्याच्या सबबीसुद्धा संपत आल्या, तिथं ही एक बाटली तेवढी संपायला तयार नव्हती.

तिनं दार लावलं आणि पुन्हा उघडलं. बाटली तशीच. वर भिंतीवर सासऱ्यांचा, दत्तोपंतांचा, हार घातलेला फोटो होता. तोही तसाच. पण आज त्यांची नजर थोडी खाली, फ्रिजकडं वळल्यासारखी वाटली.

अन्वी झाली आणि सौदामिनीचं वजन जे चढलं, ते पोरगी चालायला लागली तरी उतरलं नव्हतं. तिच्या भावानं हैदराबादहून काळ्या डाएट सोड्याच्या मोठ्या बाटल्यांचं खोकंच आणून दिलं. सौदामिनी केमिस्ट्रीची पदवीधर होती आणि तिचा स्वभाव धास्तीचा. अन्वीचं पाणी ती दोनदा उकळायची, तिसऱ्यांदा उकळावं का याचा विचार करत बसायची. साहजिकच तिनं मोबाइलवर शोधलं. एके ठिकाणी एक डॉक्टर सांगत होते की साखरेच्या पेयापेक्षा हे बरं. दुसरीकडं लिहिलं होतं की खोट्या गोडानं भूक चाळवते आणि माणूस जास्त खातो. दोन्ही वाचून ती घाबरायची आणि मग घशाला कोरड पडली म्हणून तोच सोडा प्यायची.

घरातही एकमत नव्हतं. सासूबाईंनी, गोदावरीबाईंनी, पहिल्या दिवशी बाटली उजेडाकडं धरून बघितली होती.

"गोड आहे पण साखर नाही म्हणतेस. मग गोड काय आहे गं त्यात? माणूस दिसत नाही अन् आवाज येऊन राहिला, तसलं वाटतं बाई मला हे."

नवरा रेणुकादास तहसिलात टंचाईच्या टेबलावर कारकून. दिवसभर टँकरच्या फेऱ्या आणि लोकांच्या शिव्या मोजून तो घरी यायचा. उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी हूल उठली होती, झालाच तर तिकडं बदली मागू असं तो मनात घोळवत होता. सोड्याबद्दल त्याचं मत सरळ होतं. वजन उतरवायचं तर काहीच पिऊ नये, आणि आपल्या गावात ते सगळ्यांत सोपं आहे.

खोक्यातली शेवटची बाटली उघडली त्या दिवशी जेवताना सौदामिनीनं विषय काढला. पोरीला अंगभर पुरळ उठलं होतं, आंघोळीला तांब्याभर पाणी मिळत होतं. नांदेडला माहेरी निदान नळ चालू होता.

"ही एवढी बाटली संपली की मी अन्वीला घेऊन जाते," ती म्हणाली. "पाऊस पडेपर्यंत तिकडंच राहते."

"जा," रेणुकादास ताटातून मान वर न करता म्हणाला. "पोरीचे हाल नकोत."

गोदावरीबाई ताट राखेनं कोरडंच पुसत होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "जाते म्हणू नये गं. येते म्हणावं."

आणि त्यानंतर बाटली संपेना.

मराठवाड्यातली वैशाखातली दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला सौदामिनीची भीती कळायची नाही. बाराच्या ठोक्याला गल्लीतलं कुत्रंसुद्धा दिसेनासं होतं. दारं लावलेली, खिडक्यांना चादरी. हॉलमध्ये कूलर कोरडाच फिरत होता, कारण त्याच्या टाकीत ओतायला पाणी कुणाकडं होतं? तो गरम वारा आणि वाळ्याच्या काड्यांची धूळ अंगावर फेकायचा. अशा वेळी अन्वीला थोपटत सौदामिनी अर्धवट डोळे मिटून पडली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा. आधी 'टक्'. मग बारीक 'फुस्स'. मग काहीच नाही.

तो आवाज ती ओळखत होती, आणि भीती तिथंच होती. दत्तोपंतांना जेवणानंतर गोळीसोडा लागायचा. कोपऱ्यावरच्या नरसिंग सोडावाल्याकडून रोज एक बाटली यायची. ती दुसऱ्या कुणी उघडलेली त्यांना चालत नसे. अंगठ्यानं गोळी स्वतः आत दाबायची, टक्, फुस्स, आणि मग समाधानाची ढेकर. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

पहिल्यांदा आवाज ऐकून ती उठून गेली, तर गोदावरीबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून चहाचं भांडं पुसत होत्या. "मला नाही बाई काही ऐकू आलं," त्या म्हणाल्या आणि भांडं पुसतच राहिल्या.

मग सौदामिनीनं शास्त्र वापरलं. सोडा प्यायल्यावर जिथं पातळी राहिली तिथं अन्वीच्या केसांचं लाल रबर बाटलीला चढवलं. दुसऱ्या दिवशी सोडा रबराच्या चांगला चार बोटं वर होता. चवही बदलल्यासारखी वाटली, मागं कसला तरी घरगुती, ओळखीचा वास. तिनं नाक जवळ नेलं आणि घाबरून झाकण लावलं. बाटलीनं आपल्या घराचा वास घ्यावा, हे तिला मुळीच आवडलं नाही.

त्यानंतर मुंग्या आल्या. खोक्यातली पहिली बाटली उघडताना थोडा सोडा फरशीवर सांडला होता, तेव्हा मुंग्यांनी त्याच्याभोवती गोल रिंगण धरलं होतं. पण ओलाव्यासाठी जीव टाकणाऱ्या त्या दुष्काळातल्या मुंग्यांतली एकसुद्धा त्याला शिवली नव्हती. आता त्याच मुंग्या रांगेनं फ्रिजच्या रबरी पट्टीतून आत शिरत होत्या आणि थेट त्या बाटलीच्या झाकणावर चढत होत्या. सौदामिनी बघत राहिली. इतके दिवस ज्याला भीत होत्या, त्यालाच आता शरण गेल्यासारख्या.

संध्याकाळी ती मेडिकलमधल्या वजनकाट्यावर उभी राहिली. काटा खोकं आणलं त्या दिवसापेक्षा पुढं गेला होता. परतताना ती मनाशी हिशोब मांडत होती. आपण बाटली पितो आणि ती भरते. ती भरते आणि आपणही भरतो. दोघींचं आतून कुठंतरी जुळलंय.

हे ती शेजारच्या जगदेवीला बोलून गेली आणि तिथं चुकलं. जगदेवी मूळची देवणीकडची, बोलायला मोकळी आणि मनात काही न ठेवणारी. ती आली, बाटलीकडं लांबून बघितलं आणि पायातली चप्पल उंबऱ्याबाहेर काढून मग पुन्हा आली.

"वैनी, हे भ्याचं काम न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळ्या गावात जे सरून राहिलंय ते हितं सरत न्हाई. ह्येला काय म्हणत्यात ते तुमा शिकलेल्या लोकांना सांगायचं व्हय?"

"अहो, डाएट सोडा आहे तो."

"असू द्या की. देवाला काय, कशातबी येतंय."

आणि नको नको म्हणत असताना तिनं बाटली पदरात झाकून घरी नेली, आपल्या कोरड्या पिंपाला टेकवली आणि आणून दिली. टँकरची पाळी यायला अजून अवकाश होता. पण त्याच दुपारी टँकर आला. ड्रायव्हर नवा होता, पलीकडच्या नगरात जायचा तो वाट चुकून यांच्या गल्लीत शिरला आणि बायकांनी त्याला मागं वळायला जागा ठेवली नाही. पिंपं भरली, घागरी भरल्या, पातेली भरली. संध्याकाळपर्यंत सौदामिनीच्या फ्रिजमधल्या बाटलीला हळदीकुंकू लागलं होतं.

जगदेवीनं जाताना बजावलं, "ही बाटली हितनं हलवायची न्हाई. अन् वैनी, तुमच्या हातानं आलीय ती. तुमीबी हलायचं न्हाई."

हे ऐकून गोदावरीबाईंचा चेहरा आधी उजळला आणि मग पांढरा पडला, ते सौदामिनीनं टिपलं. पण तिला त्याचा अर्थ लावायला सवड नव्हती. अन्वी फ्रिजसमोर बसून दोन्ही हात जोडत होती. बायकांचं बघून शिकली होती. त्या दृश्यानं सौदामिनीचा धीर सुटला. बाटली राहू दे, वजन राहू दे, या घरात पोरीला ठेवायचं नाही. तिनं बॅग काढली आणि लंगोट, झबली, उकळलेल्या पाण्याचा थर्मास भराभर कोंबायला लागली.

गोदावरीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ती संपली नाही ना पण अजून," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"बाटली. संपली की जाते म्हणाली होतीस. संपली नाही ना अजून."

सौदामिनीच्या हातातलं झबलं हातातच राहिलं. गोदावरीबाई खाली बसल्या आणि पदराच्या टोकाशी बोलल्यासारखं सांगू लागल्या. नरसिंगकडून गोळीसोडा आणायचा, त्यात रंगाला कोऱ्या चहाचं पाणी घालायचं आणि गोडीला गूळ. हे गेले, आता नात गेली की या भिंतींशी काय बोलायचं, असं त्यांना झालं होतं. राहा म्हणायची हिंमत होईना, कारण तिच्यापुढं ठेवायला घरात पाणी नव्हतं.

"गूळ?" सौदामिनी म्हणाली. रागवावं की रडावं हे तिचं ठरेना. "आई, माझं वजन वाढलं ना त्यानं."

"साखर नको म्हणालीस म्हणून गूळ घातला. साखरेचा कणसुद्धा नाही टाकला, तुझी शपथ."

सौदामिनीला हसू आलं. सगळं कसं उलगडत गेलं: तो घरगुती वास, मुंग्या, वजनाचा काटा, टक् आणि फुस्स. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं. तिनं सासूबाईंचा हात धरला आणि म्हणाली की आता पुरे करा, आजपासून बाटलीत काही घालू नका.

गोदावरीबाईंनी तिच्याकडं विचित्र नजरेनं बघितलं.

"मी कुठं घालते आता? आठ दिवस झाले, नरसिंग मशीन बंद करून शिरूर अनंतपाळला गावाकडं गेला. त्याच्याकडं पाणी राहिलं नाही. मला वाटलं, माझं कळलं म्हणून तूच भरतेस..."

दोघींनी एकदमच फ्रिजकडं बघितलं. हळदीकुंकवाची बाटली दाराआड होती. पण दोघींना माहीत होतं की ती गळ्यापर्यंत भरलेली आहे.

सौदामिनीला आठवलं. खरंच, गेल्या आठवड्यात 'टक्' आलंच नव्हतं. नुसतं 'फुस्स' यायचं.

दुसऱ्या दिवशी बाराला दोघी हॉलमधल्या पडद्यामागं एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. अन्वी झोपली होती. कूलर कोरडा घरघरत होता. गोदावरीबाईंच्या ओठांवर स्तोत्र होतं आणि सौदामिनीच्या हातात लाटणं. गल्लीत सामसूम. मग मागच्या दाराची कडी आपोआप हलल्यासारखी हलली. कुणीतरी आत आलं. पावलांचा आवाज नव्हता. फ्रिज उघडल्याचा पिवळा उजेड भिंतीवर पडला आणि त्या उजेडात एक लांबलचक, वाकलेली सावली. फुस्स.

गोदावरीबाईंनी डोळे मिटून घेतले. सौदामिनीनं लाटणं उगारून पडदा बाजूला केला.

रेणुकादास मोज्यांवर उकिडवा बसला होता. एका हातात पानपट्टीवरच्या साध्या, साखरेच्या काळ्या पेयाची बाटली, दुसऱ्या हातात ती. बूट दाराबाहेर. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी बंद करून तो ती ढकलत आणत होता, हे मागाहून कळलं.

"तुम्ही तर जा म्हणालात," सौदामिनी म्हणाली. लाटणं अजून वरच होतं.

तो बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिला. "म्हणावं लागतंय ना," तो म्हणाला. "टंचाईचं टेबल माझं. अन् घरात पाणी नाही. बाटली उतरायला लागलेली दिसली, पण राहा कोणत्या तोंडानं म्हणू?"

आत अन्वी कुशीवर वळली. सौदामिनीनं लाटणं ओट्यावर ठेवलं, नवऱ्याच्या हातातून बाटली घेतली. भरलेली बॅग हॉलमध्ये तशीच पडली होती. तिच्याकडं तिनं एकदा बघितलं. मग बाटलीवरचं लाल रबर ओढत ओढत अगदी गळ्यापर्यंत वर नेलं.

"रोज इथपर्यंत पाहिजे," ती म्हणाली. "पण साखर नको. गूळ नको. नुसता सोडा. अन् अन्वीच्या आंघोळीला दोन घागरी जास्तीच्या, त्या कुठनं आणायच्या ते टंचाईच्या टेबलानं बघावं."

रेणुकादासनं मान हलवली, आज्ञाधारक पोरासारखी. गोदावरीबाईंनी बॅग उघडली आणि कुणी काही म्हणायच्या आत झबली कपाटात परत लावायला घेतली. पुरळावर लावायला जगदेवीकडून कडुलिंबाचा पाला आणायचं ठरलं. बाटली फ्रिजमध्ये गेली, दार लागलं आणि तिघं हॉलमध्ये त्या कोरड्या कूलरसमोर येऊन बसले. किती दिवसांनी घरात हलकं वाटत होतं. अन्वी उठून आजीच्या मांडीत येऊन बसली होती. घरातली सगळी माणसं त्या एका खोलीत होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

टक्.

रेणुकादासनं सौदामिनीकडं बघितलं. सौदामिनीनं गोदावरीबाईंकडं. गोळीची बाटली घरात नव्हती, गावातच नव्हती. मग बारीक, लांबलेलं 'फुस्स' आलं, आणि त्यामागून, अगदी अस्पष्ट, एक समाधानाची ढेकर.

गोदावरीबाईंनी शांतपणे डोक्यावरून पदर घेतला, नातीला सावरून बसवलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं, नवऱ्याशी बोलायची त्यांची जी पद्धत होती त्या पद्धतीनं, कुणाचंच नाव न घेता म्हणाल्या,

"सूनबाई जात नाही आता. अन् ऐकलं का, गूळ घालायचा नाही म्हणे."