पगारे सरांची फाईल

पगारे सरांच्या कॉम्प्युटरला हात लावायची आमच्या ऑफिसात कुणाची हिंमत नव्हती. एकदा आमच्या मालकांनी लावला.

आमचं ऑफिस नगरला, सावेडीत. दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. त्या दिवशी राहुरीकडच्या एका डेअरीचे चेअरमन आले होते. पगारे सर चहाला गेलेले. चेअरमनना काहीतरी दाखवावं म्हणून मालक सरांच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी एक कळ दाबली. पडद्याचे चार तुकडे झाले. दुसरी दाबली, तर तीन तुकडे गायब. तिसरी दाबल्यावर पडदाच कोरा. चेअरमन उठून उभे राहिले.

"आमचं दूध गेलं का हो?"

पगारे सर हातात कप घेऊनच आले. उभ्याउभ्या रिकाम्या हाताने दोन कळा दाबल्या. सगळं होतं तसं.

"गेलं न्हाई साहेब. बाजूला बसलं हुतं."

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे पडद्यावर ओळींमागून ओळी लिहायच्या. त्या जिथे लिहितो त्याला एडिटर म्हणतात. एडिटरमध्ये अक्षर केवढं हवं, रंग कुठला, कुठल्या कळेनं काय व्हावं, हे सगळं आपल्या सोयीनं ठरवता येतं आणि एका फाईलमध्ये लिहून ठेवता येतं. बहुतेक लोक एकदा दहा मिनिटं घालवतात आणि विसरून जातात. पगारे सर ती फाईल चौदा वर्षं लिहीत होते.

एकदा त्यांनी पडद्याचा रंग बदलायला तीन दिवस घेतले. मी जाऊन बघितलं, तर आधीही काळा होता आणि आताही काळाच.

"सर, तोच आहे की."

"न्हाई ताई. आदीचा डांबरावानी हुता. ह्यो नांगरट झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या रानाचा हाय. नीट बघा."

मी नीट बघितलं. काळाच होता. "छान आहे," म्हटलं.

सर मूळचे घोडेगावचे. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. माउसला ते उंदीर म्हणत आणि तो ड्रॉवरमध्ये फडक्यात गुंडाळून ठेवत. काल कामाला लागलेल्या पोरीलाही ताई आणि पोराला भाऊ म्हणत. एका कळेऐवजी दोन दाबाव्या लागतात म्हणून एकदा त्यांनी आठवडाभर फाईलशी झटापट केली. मालक वैतागले.

"पगारे, एक कळ वाचवायला आठवडा?"

"साहेब, रोज टोचणारा खडा चपलेतून काढायला टाईम लागला, तर लागू द्यावा."

मालक आपल्या केबिनमध्ये परत गेले. सरांनी लिहिलेला प्रोग्रॅम सहसा बंद पडत नसे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

सरांना एकच हौस होती, आपली फाईल दुसऱ्याला द्यायची. नवीन कुणी आलं की दुसऱ्याच दिवशी ते खुर्चीमागे येऊन उभे राहत. "फाईल देऊ का माझी? लई सोपं जाईल." माणूस भिडेपोटी हो म्हणे. मग सर दोन-तीन दिवस त्याच्या शेजारी नुसते बसून राहत, तो कसा टाईप करतो ते बघत, आणि फाईल त्याच्या बेताची करून आणून देत. तो ती लावून घेई आणि सर जागेवर गेले की काढून टाके. मीही दुसऱ्या दिवशी काढली होती. सगळ्या कळा इकडच्या तिकडे, कोण शिकणार?

आमच्याकडे पोरं दोन-तीन वर्षं टिकतात, मग पुण्याला जातात. निरोपाला केक येतो, फोटो होतात. पगारे सर फोटोत कडेला असायचे. मग आपल्या जागेवर जाऊन डबा उघडायचे. डबा मेसचा. त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे इतक्या वर्षांत आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी सर आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, "ॲडमिट झालोय. पित्ताशयाचे खडे. काल रात्रीच ऑपरेशन झालं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं त्यात?"

नेमका त्याच सकाळी नेवाशाकडच्या एका केंद्रावरून फोन आला. म्हशीच्या दुधाला पडद्यावर फॅट शून्य दिसत होती, आणि दुधाचा भाव तर फॅटवरच ठरतो. बाहेर शेतकऱ्यांची रांग, उन्हात कॅन तापायला लागलेले, केंद्रचालक रडकुंडीला आलेला. त्या प्रोग्रॅमच्या मूळ ओळी फक्त सरांच्या कॉम्प्युटरवर होत्या. मी देवाचं नाव घेऊन त्यांच्या खुर्चीत बसले. एक कळ दाबली. पडद्याचे चार तुकडे.

परत सरांना फोन लावला. आवाज खोल गेलेला.

"घाबरू नका ताई. एस्केप दाबा. आता तुमचं नाव लिहा, इंग्रजीत. एंटर मारा."

मी 'मनीषा' लिहिलं आणि एंटर मारलं. पडदा क्षणभर मिटला आणि उघडला तेव्हा तो माझा होता. माझ्या सवयीचं अक्षर, माझ्या सवयीच्या कळा. अर्ध्या तासात चूक सापडली. केंद्रावरून फोन आला, "लागली फॅट!"

मग मी ती फाईल उघडून वाचली. त्यात प्रत्येकाचा वेगळा भाग होता, आणि प्रत्येक भागावर सरांची टीप. माझ्या भागावर लिहिलं होतं: "मनीषाताई. चूक झाली की लाल रंग दाखवू नये, दचकतात. हळदीचा ठेवला." नोकरीच्या पहिल्या महिन्यात पडदाभर लाल ओळी बघून मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. कुणाला कळलं नाही असं मला वाटत होतं.

खाली मोहसीनचा भाग. तो बंगळुरूला जाऊन सहा वर्षं झाली. "डावखुरे. कळा डाव्या हाताशी." त्यातली दुरुस्ती गेल्या महिन्यातली होती. त्याखाली विद्या. तीही कधीच पुण्याला गेली. "विद्याताई. चष्म्याचा नंबर वाढला असंल. अक्षर एक घर मोठं केलं." दर दोन वर्षांनी एक घर. गेलेल्यांपैकी एकही नाव सरांनी पुसलं नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. बाकीच्या खाटांभोवती नातेवाईक दाटीनं बसलेले. सरांच्या खाटेशी स्टूल होतं, त्यावर त्यांची घडी केलेली पँट. ती उचलून मी बसले.

"फाईल वाचली सर."

ते ओशाळले. "गेलेल्यांचे भाग काढायला पायजे हुते. जमंना."

"सर, मी तर तुमची फाईल दुसऱ्याच दिवशी काढून टाकली होती."

"म्हाईत हाय. समदेच काढत्यात." सर चादरीची कड सरळ करत राहिले. "पन कुनी परत आलं, तर लगीच बसता यावं."

मी मोबाईल काढला आणि विद्याला व्हिडिओ कॉल लावला. ती स्वयंपाकघरात होती. सरांना बघून ओरडलीच. "सर! काय झालं तुम्हाला? एकटेच आहात का तिथं?" मग मुलगी दाखवली, कुंड्या दाखवल्या, रोज किती वेळ ट्रॅफिकमध्ये जातो ते सांगितलं. सर फोन दोन्ही हातांनी लांब धरून नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होते.

मधेच म्हणाले, "ताई, चष्मा?"

"काढला सर! लेसर केलं, दोन वर्षं झाली."

सर हसायला लागले. टाके दुखले तसा पोटावर हात दाबला, तरी हसतच होते. "म्हंजी मी इकडं उगीच मोठं मोठं करत बसलो."

विद्याला काही कळलं नाही, पण तीही हसली. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली, तेव्हा कुठे फोन बंद झाला. सरांनी पडदा शर्टाच्या बाहीनं पुसून मोबाईल माझ्यापुढे धरला. मी घ्यायला हात पुढे केला, तर सोडेनात.

"ताई," ते हळूच म्हणाले, "मोहसीनभाऊंचा नंबर आसंल का तुमच्याकडं?"