ओळखखूण नसलेला रेडिओ

पांढरकवड्याच्या अनिमेषनं वडिलांच्या जुन्या रेडिओची लाकडी पेटी इतकी सुंदर करून दिली, की वडिलांनी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. पण असं काही घडलेलंच नाही. निदान घरात सगळे तसंच वागतात. गोष्ट ऐकून झाली की आपणही तसंच वागू.

तर अनिमेषला समोरच्या खोलीत फर्निचर-पॉलिशचं दुकान टाकायचं होतं. खोली वडिलांची. सदाशिवराव तहसील कचेरीतले निवृत्त कारकून. शिक्का असल्याशिवाय त्यांना सूर्य उगवल्याचंही मान्य नसे. ते म्हणाले, "आधी माह्या रेडिओची पेटी करून दाखव. मंग खोलीचं पाहू."

"बाबा, ओळखूच येणार नाही, पाहाच तुम्ही."

हे आश्वासन त्यानं दुर्दैवानं तंतोतंत पाळलं.

सदाशिवराव बहिणीकडे मारेगावला गेले आणि अनिमेषनं आतलं यंत्र काढून पेटीला रिमूव्हर फासलं. आधी वर्षानुवर्षांच्या दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू निघालं, मग पॉलिश सायीसारखं सुटलं. उजव्या कोपऱ्यावरचा उदबत्तीचा चटका आणि माथ्यावरचा चहाच्या पेल्याचा गोल डाग तेवढे हटेनात. ते त्यानं पॉलिशपेपरनं घासून नामशेष केले. वर कापसाच्या बोळ्यानं चपड्याच्या पॉलिशचे हात दिले आणि यंत्र परत बसवलं. लाकूड असं झळकलं, की त्याची बायको भैरवी पेटीत बघून टिकली नीट करून गेली.

सदाशिवराव परतले. रेडिओभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "माहा रेडिओ कुठी हाय?"

"हाच तो, बाबा."

"खूण?"

उभ्या नोकरीत त्यांनी गालावरचा तीळ पाहिल्याशिवाय कोणालाही तो स्वतःच असल्याचं मानलं नव्हतं. रेडिओला वेगळा नियम का असावा? चटका नाही, डाग नाही. मग इसम तोच कशावरून? अनिमेषनं रेडिओ लावला. तीच खरखर, तोच घोगरा सूर.

"आवाज कोणाचाबी काढता येते," सदाशिवराव म्हणाले. जुना विकून कुठलातरी दुसरा आणल्याचा निष्कर्ष नोंदवून त्यांनी समोरच्या खोलीला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिमेषनं देवघरातली पेटती उदबत्ती उचलली आणि पेटीच्या कोपऱ्याला टेकवली. धूर निघाला. मागून आवाज आला.

"काय करून राह्यला बे?"

"खूण."

"आतापावतर मले नुसता संशय होता," सदाशिवराव शांतपणे म्हणाले. "अन् चटका उजवीकडं होता. तू डावीकडं देऊन राह्यला."

भैरवीनं मध्यस्थी केली. रेडिओ तोच असल्याचा तहसीलदारांचा दाखला आणला तर खोली मिळेल, असं ठरलं. आता आख्ख्या तालुक्यात पक्का अर्ज लिहिणारा माणूस एकच. सदाशिवरावांनी चष्मा पुसला आणि मुलाचा अर्ज स्वतःच लिहून दिला:

"तरी मा. तहसीलदार साहेबांनी, सदर रेडिओ हा पूर्वीचाच रेडिओ असल्याचा व त्याचा चटका जन्मतःच डाव्या अंगास असल्याचा दाखला, रेडिओस समक्ष हजर राहण्यापासून सूट देऊन, अर्जदारास द्यावा, ही नम्र विनंती."