अक्कांची थंडी

मे महिन्यात दोंडाईच्यात कुत्रीसुद्धा गटारीत पोट टेकून पडतात. त्या उन्हात सुमनअक्का स्वेटर घालून, वर शाल पांघरून ओट्यावर बसायच्या. मी पंखा लावला की ओरडायच्या, "बंद कर वं बाई, मारस का माले!" मी त्यांची भाडेकरू, शाळेत शिक्षिका. घामानं निथळत निमूट पंखा बंद करायची. निमूट म्हणजे तोंडातल्या तोंडात बडबडत.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. अक्कांचे यजमान, आबा, मिरचीच्या बाजारात मापाडी होते. ते जाऊन दोनेक वर्षं झाली होती, आणि अक्कांच्या प्रत्येक दुखण्याचं खापर त्यांच्याच माथी फुटायचं. केस का गळतात? "त्या लई गयात." म्हणजे आबा घेऊन गेले. भूक? "त्या लई गयात." आवाज घोगरा झाला, तोही आबांनीच नेला. सकाळी पोट साफ होण्याचं सुखदेखील! एकदा वैतागून मी म्हटलं, "अक्का, आबा गेले की ट्रक भरून गेले?" अक्का हसल्या. पण हसू पुरं व्हायच्या आत त्यांना डुलकी लागली.

गल्ली म्हणायची, माणूस गेल्याचं दुःख, दुसरं काय! गावातल्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. चेहरा मात्र सुजतच चालला. शेवटी मी त्यांना ओढतच धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी अक्कांना खुर्चीवर गुडघे टेकायला लावले आणि टाचेमागे छोटी हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर येताना सरकारी फाईलसारखं रमतगमत आलं.

"थायरॉईड मंदावलेला दिसतो," डॉक्टर म्हणाले. "रक्त तपासू. नमुना मुंबईला पाठवावा लागेल."

अक्कांनी पदर सारून मान दाखवली. पिंपळनेरकडच्या त्यांच्या मावशीला नारळाएवढा गलगंड होता. थायरॉईड म्हणजे तो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. "मन्ही मान तं सपाट शे. मंग कसानी तपासनी?"

गाठ नसली तरी ग्रंथी आळसावते, डॉक्टरांनी समजावलं. अक्का ढिम्म. दंड पदराखाली.

"सुईला भिता का अक्का?" मी चिडलेच.

"सुईले कोन भ्यास!"

"तसंच निघालं तर रोज एक गोळी," डॉक्टर म्हणाले. "सगळं ठीक होईल."

"बठ्ठं?" अक्कांचा आवाज एकदम बारीक झाला. "मंग त्यासनी याद बी जाई का?"

तपासणी का नको होती, ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नाही अक्का. त्याच्यावर आमच्याकडे औषध नाही."

अक्कांनी दंड पुढे केला.

रिपोर्ट आला. थायरॉईड फारच कमी होता. रोज उपाशीपोटी गोळी सुरू झाली, डॉक्टर डोस हळूहळू वाढवत गेले. दिवाळीपर्यंत सूज उतरली. अक्का नळावर पहिल्यासारख्या कडाकडा भांडल्या, तेव्हा गल्लीचा जीव भांड्यात पडला.

आणि एका सकाळी पाहते तर ओट्यावर बसून रडतायत. मी धावतच गेले. "अक्का, गोळी चुकली का?"

"नही वं. गोळीनंच व्हयनं हाई." त्यांनी डोळे पुसले. "पहिले त्यासनी याद करता करताच झोप लागी जाये. आते त्या पुरा दिखतस."

मी शेजारी बसले.

मग अक्काच सांगत सुटल्या. आबा बाजारातून यायचे तेच अंगावर मिरचीची धूळ घेऊन. दारातच धडाधड शिंकायचे, आणि ह्या आतून ओरडायच्या, "गल्ली गोळा करतस का!" सांगताना हसत होत्या, मध्येच रडत होत्या. मग त्यांनी दाराकडे पाहिलं.

"आते शिंक बी ऐकू येस, बाई," त्या म्हणाल्या. "पन चिडाले समोर कोनी नही."