गेनूतात्यांचा परदेशी बाजार

आमचे शेजारी गेनूतात्या मोबाईलवर बोली लावताना वर टॉवेल टाकतात.

म्हणजे असं की, ओट्यावर मांडी घालून बसायचं, मोबाईल मांडीवर ठेवायचा, खांद्यावरचा टॉवेल त्याच्यावर पसरायचा, मान वाकवून फटीतून एक डोळा आत घालायचा आणि मग बोटानं आकडा दाबायचा. आजूबाजूला चिटपाखरू नसलं तरी हेच. काटेवाडीत राहायला आल्यावर मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा वाफ घेतोय. "सर्दी झाली का तात्या?" म्हणून विचारलं, तर टॉवेलाखालून आवाज आला, "गप बसा सर. सौदा चाललाय."

तात्यांची उमर जनावरांच्या बाजारात गेली. ते हेडी, म्हणजे गाई-बैलांच्या खरेदी-विक्रीतले दलाल. बारामती, इंदापूर, जिथं बाजार तिथं तात्या. या धंद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबतात, आणि बघणाऱ्याला नुसता टॉवेल हलताना दिसतो. गुडघे गेल्यावर तात्यांनी बाजार सोडला, पण टॉवेल सोडला नाही.

आता ते टॉवेलाखाली घेतात ती कार्डं. पूर्वी इंग्लंडात म्हणे चहाच्या पुड्यात, सिगारेटच्या पाकिटात पत्त्याएवढं एकेक चित्राचं कार्ड घालत. कुणी पक्ष्यांची जमवत, कुणी जहाजांची. ती जुनी कार्डं आज इंटरनेटवर जगभर विकली जातात. तात्यांना त्यातली फक्त गाई-बैलांची लागतात. मोबाईलमध्ये तोंड घालून "जर्सी गाय" म्हणून ओरडता ओरडता एकदा त्यांना असं एक कार्ड दिसलं आणि ते माझ्याकडं आले. मी बारामतीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो, हा माझा गुन्हा.

"सर, ही गाय इकायला हाय. पर चित्रातली. इकणारा काय म्हणतोय बघा."

"कार्ड मिंट कंडिशनमध्ये आहे म्हणतोय. म्हणजे नवंकोरं, हात न लागलेलं."

"म्हंजी आदत." ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत, ते जनावर आदत. "आन् ह्यो दुसरा? ह्येनं काय लिवलंय?"

"नियर मिंट. जवळजवळ नवं."

"दोनदाती. आन् ह्यो?"

"गुड. चांगलं."

तात्या हसले. "नुसतं चांगलं म्हणला की वळखायचं, जुळलंय." जुळलेलं म्हणजे सगळे दात येऊन गेलेलं, उताराला लागलेलं जनावर. पुढं मला कळलं की कार्डांच्या बाजारात 'गुड'चा अर्थ खरोखरच तेवढाच असतो. कोपरे झिजलेत, मध्ये घडी पडली आहे, पण चित्र अजून कळतंय.

त्या दिवसापासून मी तात्यांचा दुभाषी झालो. ते सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचो. "कोपरं दाखवा म्हणावं, चारीबी." हे सोपं होतं. "पाठ दाखवा म्हणावं." हेही जमलं. पण एकदा म्हणाले, "जरा चालवून दाखवा म्हणावं."

"तात्या, कार्ड कसं चालवणार?"

"उभं राहिल्यालं जनावर समदंच झ्याक दिसतंय सर. खोट चालताना दिसती. लिवा तुमी."

मी लिहिलं की कार्ड उजेडात फिरवून व्हिडिओ पाठवावा. त्या विकणाऱ्यानं पाठवला, आणि कार्ड तिरकं होताच मधोमध पडलेली घडी लख्ख चमकली. तात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा. लंगडं हुतं."

एवढ्या हुशारीवर तात्या कधी फसले नसतील असं कुणालाही वाटेल. ते फसले, आणि चांगले फसले. पहिल्यांदा 'दहा कार्डांचा संच' म्हणून जे आलं, तो दहा कार्डांचा एक फोटो होता. खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. तेवढं मी वाचलं नव्हतं. दुसऱ्यांदा पार्सल जकातीत अडकलं. कार्डापेक्षा जकात मोठी! "ह्येच्या अंगावर शिंगाएवढं मास न्हाय आन् टोलनाका हत्तीचा?" असं म्हणत तात्यांनी ती भरली. तिसऱ्यांदा कार्ड सुखरूप देशात आलं, पुण्यात आलं, बारामतीत आलं, आणि तात्या घरी नव्हते म्हणून कुरिअरवाल्यानं दुमडून दाराच्या फटीतून आत सारलं. समुद्र ओलांडून धड आलेलं जनावर उंबऱ्यात लंगडं झालं.

पण खरी फसगत वेगळीच. जर्मनीतल्या एका विकणाऱ्यानं कळवलं की या बाजाराच्या वेबसाईटला फुकट दलाली जाते, तुम्ही पैसे थेट मला पाठवा, मी स्वस्तात देतो. मी तात्यांना म्हटलं, हे काही बरं दिसत नाही. तात्या म्हणाले, "बराबर बोलतोय गडी. मधला दलाल कशाला पोसायचा?"

जन्मभर दलालीवर घर चालवलेला माणूस हे बोलला आणि त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही! पैसे गेले. चार दिवसांनी तो जर्मन वेबसाईटवरून असा नाहीसा झाला, जसा कधी जन्मालाच आला नव्हता. वेबसाईटवाल्यांनी हात वर केले. व्यवहार आमच्या दारात झालेला नाही म्हणाले.

तात्या त्या संध्याकाळी ओट्यावर येऊन टेकले. मग म्हणाले, "सर, लोक इचारायचं, हेडी कशाला लागतो? आता कळलं कशाला लागतो. जनावर लाथाळ निघालं तर मानगूट धरायला कुणीतरी पायजे." आपल्याच धंद्याची थोरवी त्यांना अशी गिऱ्हाईक होऊन कळली. त्यानंतर त्यांनी वेबसाईटच्या दलालीबद्दल चकार शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी मात्र एक गंमत झाली. तात्यांच्या मोबाईलवर एक कार्ड आलं. इंग्लंडातल्या चहा कंपनीचं, शंभर वर्षांपूर्वीचं, आणि वर चक्क आपला खिलार बैल! पांढराशुभ्र, मागं वळलेली लांब शिंगं, ताठ मान. विकणाऱ्यानं लिहिलं होतं की, हे माझ्या आजोबांच्या डब्यात सापडलं, दुसरं जगात असेल असं वाटत नाही. किंमतही तशीच लावली होती.

मी म्हटलं, "कोपरे मागवू?"

"नगं."

"चालवून?"

"नगं सर." तात्यांनी मोबाईल मांडीवर घेतला, टॉवेल खांद्यावरच राहिला, आणि भर ओट्यावर, उघड्यावर, सांगितलेल्या किमतीला त्यांनी बोट दाबलं. मी चाट पडलो. तात्यांनी भाव न पाडता घेतलेली ही बहुधा आयुष्यातली पहिली वस्तू.

कार्ड आलं. तात्यांनी ते बघितलं, कोनाड्यात ठेवलं आणि चहा करायला आत गेले. मुलगा-सून पुण्याला, घरात चहा तेच करतात. चहा घेऊन बाहेर आले तोवर कोनाड्यात मुंग्यांची रांग लागलेली. कार्डावर मुंग्या! मी ते उचलून नाकाला लावलं.

"तात्या, याला चहाचा वास येतोय."

"चहाच्या पुड्यातलं हाय न्हवं."

"पत्तीचा नाही. उकळलेल्या चहाचा. साखर घातलेल्या. कागद जुना दिसावा म्हणून चहात बुडवलाय यानं!"

"आसंल," म्हणत तात्यांनी बशीत फुंकर मारली.

मी चष्मा पुसून नीट बघू लागलो. ते चित्र नव्हतंच, साध्या फोटोला मोबाईलवर रंगचित्राचा मुलामा दिलेला. आणि बैलाच्या वेसणीतून निघालेला कासरा निळाशार, चकचकीत.

"तात्या! नायलॉनचा कासरा! शंभर वर्षांपूर्वी नायलॉन कुठलं?"

"व्हय. खोटंच हाय त्ये," तात्या शांतपणे म्हणाले. "चहा निवतोय सर."

पण मी पेटलो होतो. दुभाष्याच्या नोकरीत पहिल्यांदाच चोर माझ्या हाती लागला होता, आणि पैसे या खेपेला वेबसाईटमार्फत गेले होते. मी मुंग्यांचा फोटो काढला. कासऱ्याचा फोटो काढला. चहा, साखर आणि नायलॉन या तीन मुद्द्यांवर अशी खणखणीत तक्रार लिहिली की माझ्या प्राचार्यांनी वाचली असती तर मला विभागप्रमुख केलं असतं. विकणाऱ्यानं आजोबांची शपथ घेतली. मी त्याच्या आजोबांचा डबा आणि नायलॉनचं वय यांची सांगड घालायला सांगितली. अखेर निकाल आमच्या बाजूनं लागला. कार्ड परत पाठवा, सगळे पैसे परत मिळतील. फक्त मुदतीत पाठवा.

मी धावत शेजारी गेलो. "तात्या, जिंकलो! कार्ड द्या, पाठवून टाकू."

"बरं झालं," तात्या म्हणाले. "पर पाकीट न्हाय घरात."

दुसऱ्या दिवशी मी पाकीट नेलं. गोंद नव्हता. गोंद नेला, तर अमावस्या निघाली. मग म्हशीला बरं नव्हतं. मग कार्ड कुठं ठेवलंय ते आठवेना. पुढं माझ्या लक्षात आलं की मी फाटकाची कडी वाजवली की तात्या गोठ्याकडं निघतात. शेवटी मुदत संपायच्या दिवशी मी कॉलेजला सुट्टी टाकली आणि सकाळीच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"तात्या, आज पाठवलं नाही तर पैसे बुडाले. खोट्या मालाचे पैसे त्या भामट्याला सोडायचे?"

तात्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि कार्ड बाहेर काढलं. प्लॅस्टिकच्या पाकिटात, कोपरे सांभाळून ठेवलेलं. म्हणजे ते हरवलं नव्हतं. ते रोज त्यांच्या छातीशी होतं.

"ह्यो हरण्या हाय," ते म्हणाले.

"कोण?"

"ह्यो बैल. आमचा हरण्या. ह्यो खांद्यामागचा भोवरा बघा. असा भोवरा मी दुसऱ्या जनावराला न्हाय बघितला, आन् मी जनावरं काय कमी बघितली न्हाईत. निरवांगीच्या सासऱ्यानं खोंड दिला हुता. इंदापूरला जनावरांचं प्रदर्शन भरलं हुतं, तितं न्हेला हुता. तवा गोरी माणसं आली हुती कॅमेरं घिऊन. त्यांनी काढल्याला हाय ह्यो फोटू. आमच्याकडं कुठला कॅमेरा तवा?"

मी कार्डाकडं नव्यानं बघू लागलो. तात्या बोलत होते. "लई मागणी आली त्येला. तीनदा सौदा ठरवला मी. तिन्ही बारीला हिनं मोडला. दावं धरून दारात उभी राहायची. म्हणायची, आधी मला इका. म्हातारा झाला, काम हुईना, तरी दावणीला. लोक हसायचं, हेड्याच्या दारात म्हातारा बैल! हितंच गेला त्यो. मागं दोन वर्सांनी ही बी गेली."

तात्यांच्या पत्नीला मी पाहिलेलं नाही. मी इथं राहायला येण्याआधीच त्या गेल्या. आत भिंतीवर त्यांचा फोटो आहे, आधार कार्डावरनं मोठा करून घेतलेला. त्यात त्या कुणीतरी दरडावल्यासारख्या समोर बघतात.

"म्हणजे तुम्हाला घेतानाच माहीत होतं? खोटं आहे म्हणून?"

"मोबाईलवर दिसला तवाच वळखला."

"मग एवढे पैसे घालून..."

तात्यांनी कार्डाच्या कडेवर अंगठा ठेवला. तो निळा कासरा जिथं संपतो, तिथं, अगदी काठाला, एक हात होता. मनगटापर्यंतच. बांगड्या होत्या, आणि कासरा मुठीत घट्ट आवळलेला. इतक्या वेळा फोटो मोठा करून मी कासरा बघितला, तो धरणारा हात मला दिसला नव्हता.

मला वाटलं, मूळ फोटो कुठंतरी असणारच. त्या भामट्यानं तो इंटरनेटवरूनच उचलला असेल. मी कार्डाचा फोटो काढून मोबाईलवर शोधायला लावला. आणि निघाला की! मुलामा न दिलेला, खरा. मोकळं मैदान, मागं मांडव, उन्हात उभा हरण्या. तात्या माझ्या खांद्यावरून वाकले. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"जरा हिकडं सरकवा," ते म्हणाले.

मी फोटो सरकवला. कडेला तोच हात, त्याच बांगड्या. आणि तिथंच मनगटाशी फोटो संपत होता. तात्यांनी स्वतःच्या बोटानं तो आणखी सरकवून बघितला. पुन्हा एकदा. पडदा तिथल्या तिथं हलून परत यायचा.

मी पाकीट आणि गोंद पिशवीत टाकले. तात्या पुन्हा ओट्यावर टेकले, कार्ड तळहातावर धरून.

"त्या गोऱ्याला," ते हळूच म्हणाले, "जरा मागं सरकायला काय झालं हुतं, सर?"