न पिता सुटलेली दारू

ऐक अंगद, आधी नुसतं ऐक. मधे हसलास तर मी सांगायचंच बंद करतो.

आमचे अमृतकाका तुला माहीत आहेत ना? जळकोटला कापडाचं दुकान, कपाळाला भस्म, आणि दारूचं नाव जरी निघालं तरी उठून चूळ भरून येणारा माणूस. सर्दीला होमिओपॅथीच्या गोळ्यासुद्धा घेत नाहीत, कारण कुणीतरी सांगितलं की त्यात थेंबभर अल्कोहोल असतं. तर अशा माणसाचं गावात दारुडा म्हणून नाव झालं! कसं झालं ते तर ऐक.

सुरुवात झाली शर्टाच्या बटणापासून. वरचं बटण खालच्या काजात, खालचं कुठंच नाही. मग चहाची बशी हातात थरथरायला लागली. मग कात्री. एक दिवस दानम्मा ब्लाउजपीस घेऊन दुकानात परत आली.

"अप्पा, हे तुम्ही कापलंय का उंदरानं खाल्लंय?"

"कात्री बोथट झाली गं."

"कात्री बोथट झाली, मंग डोळे का लाल हायेत?"

"झोप न्हाई नीट."

"हाव, आमच्या घरचेबी असंच म्हनतेत," म्हणाली आणि पीस बदलून घेऊन गेली. दानम्माचा नवरा शेषेराव म्हणजे गावातला नंबर एकचा पिणारा.

त्यात काकांचं चालणं बदललं. पाय फाकवून, खालची जमीन हलत असल्यासारखं. दुकानातून घरी येताना कोपऱ्यावर दारूचं दुकान लागतं, आणि त्या अख्ख्या रस्त्यात धरायला काही असेल तर त्याच दुकानाचा लोखंडी कठडा. काका रोज संध्याकाळी तो कठडा धरून दम खायचे! एकदा तर तिथंच पायरीवर पडले. आतली नेहमीची मंडळी धावत बाहेर आली, काकांना उचललं, कपडे झटकले. त्यातल्या एकानं लई मायेनं सांगितलं, "अप्पा, सुरुवातीला पाणी जास्त घालावं. हळूहळू जमतंय."

बरं, हे सगळं कधी? तर मंजूचं लग्न ठरत असताना. आमची मंजुश्री, काकांची एकुलती एक. पोरगा नांदेडचा, दयानंद, बँकेत नोकरी. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, दिवसभर फोन चालू. पण आपल्याकडं साखरपुड्याच्या आधी पोराकडचा कुणीतरी गुपचूप येऊन पानटपरीवर चौकशी करतोच करतो. तसा एक पाहुणा आला, पान तोंडात टाकून विचारलं, "ते कापडवाले अप्पा कसे हायेत?"

टपरीवाला म्हणाला, "मानूस सोनं हाय. फक्त संध्याकाळी कठड्याला धरलेले असतेत."

झालं! साखरपुडा पुढं ढकलला. का, ते कुणी सांगेना. मंजू जेवेना.

मी काकांना धरून लातूरला नेलं. डॉक्टरांनी मूठ भराभर उघडायला-मिटायला लावली, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, आणि म्हणाले, "आता टाचेला पाऊल लावत सरळ रेषेत चालून दाखवा."

काका भडकले. "तुम्हालाबी तेच वाटून राहिलंय का? वास घ्या तोंडाचा! मी पीत न्हाई!"

"अहो, मी कुठं विचारलं?"

"पोलीस असंच चालवतेत! मी बघितलंय!"

एमआरआय झाला तेव्हा कळलं. मानेच्या मणक्यांमधली एक गादी मागं सरकून मज्जारज्जूवर दाबून बसली होती. हातापायाला जाणारा हुकूमच मधे अडकत होता. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन लवकर करायला हवं. उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही."

काकांना दुसरीच फिकीर. "मान जाम होती का? मला वरच्या फळीवरची लुगडी दाखवावी लागतेत."

"नाही. खराब गादी काढून तिथं हलणारी कृत्रिम गादी बसवू. तुमच्या मणक्यांत ते जमण्यासारखं आहे. मान वर, खाली, बाजूला, सगळीकडं वळेल."

ऑपरेशन झकास झालं. आता खरी चूक कुठं झाली बघ. महादेवीकाकूंनी मला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं. "मल्लेश, गावात आपरेशनचं नाव काढायचं न्हाई. आधीच पोरीचं अडकलंय. घराण्यात मणक्याचा रोग हाय म्हनून बोंब होईल."

"मंग सांगू काय?"

"लातूरला गेलेत म्हन. बस्स."

मी तेवढंच सांगितलं. बाकीचं गावानं लावलं. अप्पा लातूरला, कशाला ते घरचे सांगेनात, म्हणजे काय? दारू सोडवायला भरती केलं!

काका परत आले ते गळ्याला उपरणं गुंडाळून, मानेचं ऑपरेशन गळ्याच्या बाजूनं करतात, तो टाका दिसू नये म्हणून. आवाज थोडे दिवस बसलेला. लोक म्हणाले, बघा, पश्चात्तापानं आवाजसुद्धा उतरला. मग हळूहळू बटणं नीट लागायला लागली, कात्री सरळ चालायला लागली, आणि एक दिवस काका कठड्याला हात न लावता कोपरा ओलांडून गेले. आतल्या मंडळींनी उभं राहून बघितलं म्हणे!

दुसऱ्या दिवशी दानम्मा शेषेरावचं मनगट धरून दुकानात हजर. "अप्पा, ह्येंलाबी तुमच्या डॉक्टरकडं धाडा."

"अगं, ते मानेचे डॉक्टर हायेत!"

"मंग बरोबरच हाय की. उतरती तर मानेतूनच!"

काका समजावून दमले. दानम्मा ऐकते होय? आठवड्यानं मला लातूरहून डॉक्टरांचा फोन. "मल्लेश, तुमच्या गावचे तिघं आलेत. सरळ रेषेत चाला म्हटलं तर एकानं माझे पाय धरले. म्हणतो, नापास झालो, काहीबी करा पण कापून काढा. हे काय चाललंय?"

आणि मग एका सकाळी, फोन नाही, निरोप नाही, नांदेडची मंडळी दारात. दयानंद, त्याचे वडील विरूपाक्षअप्पा, आणि सगळ्यांच्या पुढं दयानंदची आजी गुरम्मा. त्या घरात गुरम्माचा शब्द शेवटचा. सगळे त्यांना अव्वा म्हणतात आणि टरकून असतात.

अव्वा बसल्या बसल्या बोलल्या, "अप्पा, तुम्ही घेता हे कळल्यावर मीच साखरपुडा थांबवला. आता सोडलात हेबी कळलं. सोडलेला मानूस मी जिंदगीत पहिल्यांदा बघून राहिले."

"अव्वा, मी कधी घेतलीच न्हाई. माझं मानेचं आपरेशन झालंय." काकांनी उपरणं काढून टाक्याची खूण दाखवली. काकूंनी काढू नका म्हणून डोळे वटारले, पण काकांनी काढलंच.

अव्वांनी चष्मा लावून, वाकून बघितलं. "अगं बाई! गळ्यातूनच काढून टाकली? काय काय निघालंय शास्त्रात!"

तेवढ्यात विरूपाक्षअप्पांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. मी बघतो तर काय, त्यांचं वरचं बटण खालच्या काजात! दारातून आत येतानासुद्धा ते पाय फाकवून, चौकट धरून आले होते. काकांनीपण बघितलं होतं.

अव्वा कडाडल्या, "बघा! सकाळच्या पारी! विचारलं तर म्हनतो, थेंब घेत न्हाई."

"अव्वा, शपथ, मी खरंच घेत न्हाई," विरूपाक्षअप्पा रडवेले झाले.

काका घाईघाईनं म्हणाले, "ह्यांना आधी मानेच्या डॉक्टरला दाखवा. मज्जारज्जूवर दाब..."

"मान ठणठणीत हाय ह्याची! मला दारू सोडवनारा डॉक्टर पायजे. अप्पा, मला खोट्याची लई चीड हाय. तुम्ही एकदा कबूल करा की घेत होतो. आत्ता साखरपुड्याची तारीख काढते, आणि ह्याला तुमच्याच डॉक्टरकडं धाडते. कबूल न्हाई? मंग आम्ही उठलो."

आणि खरंच उठल्या रे! मंजू दाराशी ट्रे घेऊन उभी. दयानंद तिच्याकडं बघतोय, विरूपाक्षअप्पा काकांकडं बघतायत. मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं, उशीर झाला तर गेलेली ताकद परत येत नाही. काकांनी एकदा भिंतीवरच्या महादेवाच्या फोटोकडं बघितलं. मग ती मान, डॉक्टरांनी एवढ्या कौशल्यानं हलती ठेवलेली, सावकाश खाली आली आणि वर गेली.

"हाव," काका म्हणाले. "घेत होतो."

काकूंच्या हातातलं पोह्यांचं ताट धाडकन खाली.

"किती?" अव्वा.

"लई," काकांनी डोळे मिटूनच सांगितलं.

"शाब्बास! घरानं खरं बोलनारं हाय!"

पुढचं सगळं सुरळीत. विरूपाक्षअप्पांच्या मानेत तोच दाब निघाला, आपरेशन झालं, आता ते बशी एका हातात धरून ऐटीत चहा पितात. पोराची दारू सुटली म्हणून अव्वांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. येत्या रविवारी नांदेडला साखरपुडा. मंजू दोन-दोन वेळा जेवते.

पण काल अव्वांचा फोन आला. साखरपुड्याला त्यांनी गल्लीतल्या सगळ्या बायांना नवऱ्यांसकट बोलावलंय. काकांनी उभं राहून चार शब्द बोलायचे. पहिला घोट कसा लागला, इथून सुरुवात करायची. खोटं बोललेलं अव्वांना लगेच कळतं, हे तर दयानंदनंच सांगितलंय.

काकांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मला गादीवर समोर बसवलं आणि हात जोडले. शेजारी माझे वडील वर्तमानपत्र वाचत होते. ते पान उलटायचे थांबले.

"मल्लेश, काका समजू नको, दोस्त समज," काका म्हणाले. "मला काहीच ठाऊक न्हाई. खरं खरं सांग, कशी लागती रे? गोड, का तुरट?"

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. वरून वडलांचे दोन डोळे.

बोललो तर मी मेलो, नाही बोललो तर मंजूचा साखरपुडा मोडला. आता तूच सांग अंगद, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?