जावक त्रेसष्ट

माळ्यावरची वटवाघळं घालवली की भांडारपालांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: जुन्या वह्यांना जागा, वासापासून सुटका आणि मेव्हण्यापुढे ताठ मान. पंधरा दिवसांसाठी राहायला आलेला मेव्हणा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "दाजी, राहू द्या की बिचारी. तुमचं काय खातात?"

"माझा माळा खातात!" भांडारपाल कडाडले.

उभा जन्म गोदाम सांभाळलेला माणूस. संध्याकाळी वही घेऊन ते अंगणात बसले, बाहेर पडणारं एकेक वटवाघूळ मोजलं आणि शेवटचं गेल्यावर शिडीवर चढून भोकाला जाळी ठोकली. वहीत लिहिलं: जावक त्रेसष्ट, शिल्लक शून्य. खाली सही.

चार दिवसांत सगळं घर अंग खाजवू लागलं.

"ढेकूण!" भांडारपालांनी पुरावा चिमटीत धरला. "तीस वर्षांत या घरात ढेकूण शिरला नाही. बाहेरून नवीन काय आलं? एक बॅग!"

"अहो, हळू बोला. ऐकतोय तो," बायको कळवळली.

"ऐकू दे! न तपासता माल आत घेतला, चूक माझीच."

मेव्हण्याची बॅग त्यांनी शेजाऱ्यांदेखत पायरीवर उलटी करून झटकली. मोजे पडले, दाढीचा ब्रश पडला, ढेकूण एकही नाही. मेव्हण्याने सगळं निमूट भरलं, "येतो ताई" म्हणाला आणि गेला. बायकोने त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं.

चावे मात्र चालूच. शेवटी औषध फवारणाऱ्या बाई आल्या. त्यांनी किडा भिंगाखाली धरला, त्याच्या मानेवरचे लांब केस पाहिले आणि छताकडे बोट केलं. "वटवाघळांचे ढेकूण आहेत हे. वर वटवाघळं होती?"

"होती. त्रेसष्ट. एकूण एक बाहेर काढली!"

"ती काढलीत. पण हे फटींत राहतात, जेवायला तेवढे त्यांच्या अंगावर चढतात. तुम्ही खाणावळ बंद केलीत, गिऱ्हाईकं वरच राहिली. मग खाली उतरली."

"पण ती बॅग..."

"बॅगेचा काय संबंध? आठ दिवस घर रिकामं करा."

"आठ दिवस जायचं कुठे?"

तेव्हा कुठे बायकोने तोंड उघडलं. "माझ्या भावाकडे."

मेव्हण्याने दार उघडलं. "ताई, ये आत. दाजी, तुम्ही थांबा जरा. बॅग पायरीवर झटका. सावकाश. शेजारी जमू देत."

भांडारपालांनी झटकली. मोज्यातून एक टपकलाच.

चाव्यांचा हिशोब शेवटी असा लागला: मेव्हण्याला नऊ, बायकोला सतरा, भांडारपालांना एक्केचाळीस. त्रेसष्ट वटवाघळांना एकही नाही, आणि तेही कित्येक वर्षांत पहिल्यांदाच.