उभ्या गाडीची चूक

बत्तीस वर्षं मी चाचाक गावच्या शाळेत गणित शिकवलं. पालक माझ्यापुढे रडले, एकाने तर जिवंत बदक आणून दिलं, पण मी कुणाला अर्धा गुण फुकट दिला नाही! तेव्हा एका माणसाकडून एक सही आणायची, त्यात काय मोठं?

झालं असं की मी बाजारात सुक्या मिरच्या निवडत होते. माझी लाल झास्तावा गाडी रस्त्याकडेला गुपचूप उभी. तेवढ्यात ल्युबिसाव नावाच्या एका प्लंबरने आपली व्हॅन मागे घेतली, ती थेट माझ्या गाडीच्या दारात! दाराचा पापड झाला.

"चूक माझीच, काकू!" तो म्हणाला. "पण टबात जिवंत मासे आहेत, घाई आहे. परवा घरी या, विम्याच्या फॉर्मवर सही करतो."

त्याच्याकडे जायच्या दिवशी माझी मुलगी यास्ना म्हणाली, "मी येते बरोबर. तू भिडस्त आहेस."

"मी? भिडस्त?"

"फॉर्म द्यायची मुदत उद्या संपते, आई. सही नाही आणलीस तर गाडीची चावी माझ्याकडे. मग फिर बसने!"

वर्षभर तिचा त्या चावीवर डोळा होता. माझं वय झालं म्हणे!

गाडीचं दार दोरीने बांधून मी एकटीच निघाले. ल्युबिसावचं घर सताड उघडं. आत तीसेक माणसं, मध्ये मनगटाएवढी मेणबत्ती. मी कपाळाला हात लावला. नऊ डिसेंबर! संत अलिंपियेचा दिवस, म्हणजे या घराची स्लावा! घराण्याच्या संताचा सण. त्याचं कुणी आमंत्रण देत नाही. दारात आला तो पाहुणा. आणि मी रिकाम्या हाताने! हातात फक्त फॉर्म!

त्याची बायको देसांका गोड गव्हाचा चमचा घेऊन धावत आली.

"अहो, मी फक्त सहीला—"

"आधी तोंड गोड करा, ताई!"

खाल्लं. संपलं! आता मी पाहुणी. उपासाचे दिवस, मांस वर्ज्य, म्हणून माशाचं सूप, मग भाजलेला मासा, मग तळलेला मासा. मी फॉर्म टेबलावर ठेवायची, की त्यावर नवी ताटली येऊन बसायची!

आलुबुखाराच्या दारूचा तिसरा पेला झाल्यावर मी वर्गातला आवाज काढला. "ल्युबिसाव, सही!"

तो छातीवर हात ठेवून उभा राहिला. "मंडळी, या काकूंची गाडी बिचारी उभी होती. मी गाढवासारखा जाऊन धडकलो!"

स्वतःच्या स्लावेला, संताच्या मेणबत्तीसमोर, पाहुण्यांदेखत! देसांकाचे डोळे भरून आले. मीही रुमाल काढला.

"छे छे!" मी म्हटलं. "मीच वाकडी लावली होती."

"मी मागे पाहिलं नाही, काकू!"

"पाहून दिसणार काय? मी अगदी आडवी लावलेली!"

"चूक माझी!"

"मुळीच नाही, माझी!"

शेवटी त्याच्या सासऱ्याने टेबलावर मूठ आपटली. "जावईबापू, पाहुण्यांचं ऐकायचं असतं!"

लगेच टाळ्या! मी 'चूक कुणाची' खाली माझ्या रकान्यात ठसठशीत खूण केली, त्याने रडत रडत सही केली, आणि तीस जणांनी माझे तीन-तीन मुके घेतले.

दुसऱ्या दिवशी विमा कार्यालयातल्या साहेबांनी फॉर्म दोनदा वाचला. शेजारी यास्ना बसलेली.

"बाई, धडकेच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"मिरच्या निवडत."

"मग गाडी कोण चालवत होतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "पण तिने काही मुद्दाम नाही केलं हो!"

यास्नाने हात पुढे केला. मी चावी दिली.

हल्ली दर नऊ डिसेंबरला ल्युबिसाव मला स्वतः व्हॅनने न्यायला येतो. तो व्हॅन मागे घ्यायला लागला की मी डोळे मिटून घेते.